एक कट, दोन स्लाइस

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी सहावीत, मराठी माध्यमात. निबंध चांगला लिहिते, पण वही लाल गोलांनी भरलेली. मराठीत ‘कोल्हापूरात’, ‘परिक्षा’, ‘अनुकुल’, ‘विषेश’, ‘जेष्ठ’, ‘नैऋत्य’. इंग्रजीत बिकॉज, सेपरेट आणि नेसेसरी या तिघांना दर वेळी नवं स्पेलिंग. तुम्ही यमकं जुळवून, शब्दांचे खेळ करून शिकवायला बघताय, आणि घरात आजोबा म्हणतात की हा पोरखेळ आहे, चुकलेला शब्द पन्नास वेळा लिहून काढावा. बरोबर कोण?

मी कोल्हापुरात एकतीस वर्षं पाचवी ते आठवीला मराठी शिकवलं, आणि शिक्षक कमी पडतील त्या वर्षी इंग्रजीही. पहिली सात-आठ वर्षं मी आजोबांच्याच पक्षात होते. ‘परिक्षा’ लिहिणाऱ्याला पन्नास वेळा ‘परीक्षा’. एकदा एका मुलाची ती वही सावकाश बघितली. त्यानं आधी पानाच्या कडेला वरपासून खालपर्यंत पन्नास ‘प’ काढले होते, मग शेजारी पन्नास ‘री’, मग पन्नास ‘क्षा’. गवंडी विटा रचतो तसं. आणि चोविसाव्या ओळीपासून वेलांटी पहिली झालेली. म्हणजे तिथून खाली सत्तावीस वेळा त्यानं चूकच गिरवली होती, आणि मीच ती गिरवून घेतली होती. त्या दिवशी त्याला एवढंच म्हटलं, “परीक्षेचा पेपर किती तासांचा? तीन. मग वेलांटी पहिली पुरेल का?” तो हसला. पुढं वर्षभर त्याची ‘परीक्षा’ चुकली नाही.

तेव्हा उत्तर तुमच्या बाजूनं आहे, पण सरसकट नाही. यमकांनी नुकसान होतानाही मी पाहिलंय, त्याकडं नंतर येते.

आजोबांना एक आठवण करून द्या. ते स्वतः पाढे कसे शिकले? ‘दोन गुणिले तीन बरोबर सहा’ असं नव्हे. ‘बे त्रिक सहा, बे चोक आठ, बे पंचे दहा’ असं. हे त्रिक, चोक, पंचे, सक आपण पाढ्याबाहेर फारसे वापरतच नाही. पाढ्यासाठी भाषेनं आकड्यांची वेगळी, ठेक्यात बसणारी नावं ठेवली, म्हणून तर जुन्या माणसांना पावकी, निमकी, दिडकी, औटकी तोंडपाठ असायची. (औट म्हणजे साडेतीन. विचारून बघा, आजोबा खूश होतील.) म्हणजे पोरखेळाचं शिक्षण त्यांनीही घेतलंय, फक्त त्याला तेव्हा कुणी खेळ म्हणत नव्हतं.

आता मुद्दा. यमक सगळा शब्द लक्षात ठेवण्यासाठी नसतं. मूल सगळा शब्द चुकत नाही. ‘कोल्हापूरात’ या शब्दात तुमच्या मुलीनं को, ल्हा, रात सगळं बरोबर लिहिलंय. एक उकार चुकलाय. ‘सेपरेट’मध्ये एक अक्षर. यमकानं फक्त त्या एका जागेवर खुंटी ठोकायची. कुठं ठोकायची ते न बघता केलेलं यमक कितीही गोड असलं तरी वाया. म्हणून आधी तिच्या वहीतल्या चुका बघा, शब्द बघू नका.

मराठीपासून सुरुवात करते, कारण आपल्याकडं असा समज आहे की देवनागरी म्हणजे जसं बोलतो तसं लिहितो, त्यात लक्षात ठेवायचं काय! अक्षरांच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे, पण वेलांटी-उकाराच्या बाबतीत नाही. बोलताना आपण ‘पूर’ आणि ‘पुरात’ यांतला उकार मोजून उच्चारत नाही. मुलं विचारतात तेही तसंच, “बाई, पहिला उकार का दुसरा?” नियम आहेत. साहित्य महामंडळाचे 1962चे चौदा आणि 1972ला भर घातलेले चार, असे अठरा. पण ‘उपान्त्य’, ‘तत्सम’, ‘सामान्यरूप’ हे शब्द ऐकले की सहावीतलं मूल खिडकीबाहेर बघायला लागतं.

मी वर्गात हे म्हणून घ्यायचे:

उभा ऊस, उसाची मोळी,
पिवळा गूळ, गुळाची पोळी,
तापलं दूध, दुधाची साय,
आला पूर, पुरात गाय.

चारही ओळींत स्वल्पविरामाआधीचा शब्द दुसऱ्या उकाराचा आणि त्याला प्रत्यय लागला की उकार पहिला. नियम सांगितलाच नाही. म्हणताना ‘ऊऽऽस’वर हात लांब करायचा आणि ‘उसाची’ला टाळी वाजवायची. दोन दिवसांनी फळ्यावर ‘मीठ’ लिहून ‘मिठा...’ अर्धं सोडलं तर मुलं आपणहून सांगायची, पहिली वेलांटी. तीळ–तिळाचा, वकील–वकिलाला, सून–सुनेला, सगळं त्याच चालीवर. आणि आपल्या गावाचं नाव याच नियमाचं उदाहरण आहे: कोल्हापूर दुसरा, कोल्हापुरात पहिला, कोल्हापुरी पहिला. तुमच्या मुलीला सांगा, पूर आला काय आणि कोल्हापूर आलं काय, आत ‘पुरात’च.

शेवटची ओळ मी बदलली, तेही सांगते. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेचा पूर आला, चिखली-आंबेवाडीकडची घरं पाण्यात गेली. शाळा पुन्हा भरली तेव्हा पाचवीचा वर्ग नेहमीसारखा ओळी म्हणत होता आणि तिकडचा एक मुलगा तीन ओळी म्हणून गप्प बसला. मला कळलं नाही. शेजारचा म्हणाला, “बाई, त्येची म्हस गेलीया.” दुसऱ्या दिवसापासून ‘पुरात पाय’ केलं. यमक तेच राहिलं, उकारही तोच. मुलांच्या जगातली वस्तू उचलताना तिला दुसऱ्या बाजूनं धार असू शकते, एवढं ध्यानात असू द्या.

त्याच पुराची दुसरी गोष्ट. पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोक्याची 43, हे इथल्या दुसरीतल्या पोरालाही पाठ असतं. त्याला कुणी यमक शिकवलेलं नाही. ज्या माहितीची पावसाळ्यात रोज गरज लागते ती आपोआप बसते. यमक लागतं ते कधीमधी लागणाऱ्या आणि दोन सारख्या वाटांवर फसवणाऱ्या माहितीला.

आता ‘ऊस-उसाची’ शिकलेलं मूल दुसऱ्या आठवड्यात ‘उसतोड कामगार’ आणि ‘दुधवाला’ लिहून आणतं. हे होणारच, शिकल्याची खूण समजा, रागावू नका. तिथं सांगायचं: ऊस प्रत्ययाला घाबरतो, शेजाऱ्याला नाही. ‘ची’, ‘ला’, ‘त’ अंगाला चिकटले तर आखडतो. ‘तोड’ किंवा ‘वाला’ हा अख्खा शब्द शेजारी येऊन बसला तर तसाच राहतो. ऊसतोड, दूधवाला. संस्कृतातून आलेल्या कवी, गुरू, बुद्धी यांचं बरोबर उलटं. शेवटची वेलांटी, शेवटचा उकार बघा: प्रत्यय लागला तरी कवीला, गुरूचा, बुद्धीने, ढिम्म हलत नाहीत. पण जोडीला दुसरा शब्द आला की केएमटी बसच्या सीटवर सरकून बसावं तसं सरकतात: कविसंमेलन, गुरुपौर्णिमा, बुद्धिबळ. आपलं पाणी मात्र कुणासाठी सरकत नाही, ‘पाणीपुरवठा’ दुसरीच. (‘पाणिग्रहण’ पहिली, पण ते पाणी नव्हे, ‘पाणि’ म्हणजे हात.)

शब्द कुठला हे मुलानं ओळखायचं कसं? चुलीपाशी, शेतात, बाजारात जो चालतो तो बहुतेक ऊसवाला. भाषणात, पोथीत, पुस्तकात जो चालतो तो बहुतेक कवीवाला. चाळणी भोकांची आहे, कबूल. ‘गुण’ आणि ‘विष’ तिच्यातून गळतात, म्हणून त्यांना वेगळी खुंटी: गुण थोडे म्हणून पहिला उकार, विष चिमूटभर म्हणून पहिली वेलांटी. आणि ‘आणि’? त्याला कायम घाई, पुढचा शब्द वाट बघतोय, म्हणून पहिली.

सारख्या दिसणाऱ्या जोड्यांत तर अर्थच मदतीला येतो, फक्त लांबी कुणाची ते बघायचं. किडा छोटा, क्रीडांगण मोठं. सूत रिळाला गुंडाळावं इतकं लांब, म्हणून दुसरा उकार; सुत म्हणजे मुलगा, तो अजून लहान. शीर हातभर पसरलेली. शिर धडावर एवढंसं. दिन म्हणजे दिवस, तो बारा तासांत मावळतो. दीन म्हणजे गरीब, त्याचा दिवस संपता संपत नाही. हे शेवटचं एका सातवीतल्या मुलीनं केलंय, माझं नाही. तिची आई चार घरची धुणीभांडी करायची.

तुमच्या यादीतला ‘अनुकुल’ याच घरातला आहे. ‘कुल’ म्हणजे घराणं, पहिला उकार: कुलदैवत, कुलगुरू. ‘कूल’ म्हणजे नदीचा काठ. काठाला धरून जाणारं ते अनुकूल, काठाच्या उलट ते प्रतिकूल. तिला एकदा पंचगंगा घाटावर न्या, काठ नजर जाईल तिथवर लांब आहे हे दाखवा, आणि विचारा की कूलला उकार कुठला. अर्ध्या तासाचं काम आहे, पण जन्मभर पुरतं. इथं यमक नाही, शब्दाच्या पोटात शिरणं आहे, आणि जिथं पोटात शिरता येतं तिथं मी यमकाच्या वाटेला जात नाही. ‘उज्ज्वल’ला दोन ज का, तर उत् आणि ज्वल, त्–चा ज् झाला. ‘महत्त्व’ला दोन त का, तर महत्–चा एक आणि त्व–चा एक. हे एकदा कळलं की पाठांतराची गरज संपते.

‘विषेश’चं सोपं आहे. श, ष, स हा वर्णमालेचा क्रम. विशेषमध्ये आधी श मग पोटफोड्या ष, क्रमानंच. शीर्षकही तसंच, शुश्रूषाही तसंच. मुलांना म्हणायचे, “रांग मोडायची नाही.” ‘जेष्ठ’मधला हरवलेला य असा सापडतो: ज्येष्ठ वयानं असतो, आणि वयातला य ज्येष्ठात हवा. कनिष्ठाला वय नाही, म्हणून य नाही.

इंग्रजीकडं वळते. आपल्या मुलांची अडचण इंग्रज मुलांपेक्षा वेगळी आहे. आपलं मूल अक्षर बघून उच्चार करायला शिकलेलं असतं, त्यामुळं त्याला स्पेलिंग हा उघड अन्याय वाटतो. मी त्या सवयीशी भांडायचं सोडून दिलं. तिचाच फायदा घ्यायचा: तोंडानं इंग्रजी उच्चार, मनात देशी. बिकॉज म्हणायचं आणि लिहिताना मनात ‘बे-का-उ-से’. बी-ई, सी-ए, यू, एस-ई. वेन्सडे म्हणायचं आणि मनात ‘वेड-नेस-डे’, वेड नेसून आलेला वार. टुगेदर मनात ‘टू-गेट-हर’. इंग्रजीच्या शिक्षकांना हे आवडत नाही, त्यांना वाटतं उच्चार बिघडेल. माझा अनुभव असा की मुलं दोन्ही वेगळे ठेवतात. कुणी ‘बेकाउसे’ मोठ्यानं म्हटलंच तर वर्ग हसतो आणि काम संपतं.

दुसरी युक्ती, शब्दाच्या आत बसलेला छोटा शब्द शोधणं. सेपरेटच्या मध्ये उंदीर बसलाय: एस-ई-पी, मग ए-आर-ए-टी, मग ई. ‘अ रॅट’. उंदीर दिसला की सगळे सेपरेट होतात. हिअर, म्हणजे ऐकणं, त्याच्यात इअर म्हणजे कान आहे. दुसऱ्या हिअरला, म्हणजे इथंला, कान नाही. प्रिन्सिपल दोन आहेत, एक तत्त्व आणि एक मुख्याध्यापक. मुख्याध्यापकांच्या शेवटी पी-ए-एल, म्हणजे आपली पाल. ‘मोठ्या सरांच्या खोलीत पाल’ एवढं सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही. फक्त मोठे सर दारातून जात नाहीत ना ते बघायचं. मी बघितलं नव्हतं.

आणि नेसेसरी. यात सी किती, एस किती, इथं सगळे घसरतात. वर्गात एक मुलगी होती, तिच्या वडिलांचा मिसळीचा गाडा. मी विचारलं, मिसळीला काय काय लागतं? ती म्हणाली, “बाई, एक कट आन दोन स्लाइस. बाकी नसलं तरी चालतंय.” आपल्याकडं मिसळीबरोबर पाव नाही, स्लाइस ब्रेड असतो, हे इथल्या पोरांना सांगायला नको. कट सी–नं, स्लाइस एस–नं. एक सी, दोन एस. मिसळीला नेसेसरी काय? एक कट, दोन स्लाइस. अख्ख्या तुकडीचं स्पेलिंग त्या दुपारी सुधारलं, आणि ते मी केलेलं नव्हतं, ती गाड्यावर रोज काय ऐकत होती त्यानं केलं. पुस्तकातली इंग्रजी यमकं मी त्याआधी वापरून बघितली होती. आय आधी की ई आधी याचं एक प्रसिद्ध यमक आहे, त्याला वीअर्ड, सीझ, सायन्स असे इतके अपवाद निघतात की यमक पाठ करण्यापेक्षा शब्द पाठ केलेले बरे. डेझर्ट मात्र सोपं: जेवणानंतरचं गोड असेल तर दोन एस, साखर दोनदा; वाळवंट असेल तर एकच, तिथं काय मिळणार! अकोमोडेशन म्हणजे राहायची सोय, दोन कॉट, दोन मॅट: दोन सी, दोन एम.

बाकीच्या विषयांचं तुम्ही जाता जाता विचारलंय, तर ज्या युक्त्या मला खरोखर उपयोगी दिसल्या त्या सांगते. चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वं ए, डी, ई, के: चरबीत ‘अडके’. ती शरीरात साठून राहतात, म्हणजे शब्दाचा अर्थही बसतो. आम्लात निळा लिटमस तांबडा: ‘आनिता’. पुढं नववी-दहावीला साईन, कोस, टॅनसाठी ‘सासक, कोलक, टासल’: साईन समोरची भागिले कर्ण, कोस लगतची भागिले कर्ण, टॅन समोरची भागिले लगतची. पंचगंगेच्या नद्यांना ‘तुका कुंभ भोगी’: तुळशी, कासारी, कुंभी, भोगावती, पाचवी सरस्वती गुप्त, म्हणून यमकातही गुप्त. जिल्ह्याचे बारा तालुके सलग पाठ करायला लावू नका, गट करा. तीन गड: भुदरगड, चंदगड, गडहिंग्लज. एक गगन, गगनबावडा. एक वाडी, शाहूवाडी. एक नगरी, राधानगरी. दोन क, करवीर आणि कागल. राहिले चार, त्यांचं वाक्य: ‘पन्हाळ्यावरून शिरोळच्या आजीला हात केला’. पन्हाळा, शिरोळ, आजरा, हातकणंगले.

सनांसाठी एक जुनी पद्धत आहे, कटपयादि. प्रत्येक व्यंजनाला एक अंक: क पासून झ पर्यंत एक ते नऊ, ट पासून ध पर्यंत पुन्हा एक ते नऊ, प पासून म पर्यंत एक ते पाच, य पासून पुढं पुन्हा एकपासून; ञ आणि न म्हणजे शून्य. काना-मात्रा मोजायच्या नाहीत. शास्त्राप्रमाणं अंक उजवीकडून वाचतात. मी मुलांसाठी सरळ डावीकडून वाचायला लावायचे, पंडितांनी माफ करावं. 26 जूनला शाहू जयंतीच्या भाषणात मुलं सनांत अडखळायची. महाराजांचा जन्म 1874: थ सात, व चार, ‘थवा’. राज्यारोहण 1894: ध नऊ, व चार, ‘धव’, म्हणजे धनी. पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम 1902: न शून्य, र दोन, ‘नर’. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा 1917: प एक, थ सात, ‘पथ’. थवा, धव, नर, पथ. शतक मुलांना माहीत असतं, शेवटच्या दोन अंकांतच घोळ होतो, आणि खुंटी तिथंच ठोकलीय. सगळ्याच सनांना असे शब्द मिळत नाहीत. ओढूनताणून केला तर तो शब्दच लक्षात ठेवण्यासाठी दुसरं यमक लागतं.

तुमची मुलगी वृत्तं शिकेल तेव्हा तिला ‘यमाताराजभानसलगा’ भेटेल. त्याच्याइतकी काटकसरीची युक्ती मी दुसरी पाहिलेली नाही. य गण हवा? य पासून तीन अक्षरं घ्या, यमाता: लघु, गुरू, गुरू. झाला य गण. र हवा? राजभा: गुरू, लघु, गुरू. न हवा? नसल, तिन्ही लघु. दहा अक्षरांत आठही गण, नावासकट आणि मोजमापासकट. एक अक्षर फुकट गेलेलं नाही.

आता नुकसानीचं. ‘तानापिहिनिपाजा’ सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. मी एकदा विचारलं, त्यातला ‘पा’ म्हणजे? “पारवा, बाई.” म्हणजे कुठला रंग? “कबुतर.” सगळ्या वर्गात पारवा रंग दाखवू शकणारं एकही मूल नव्हतं. यमक आलं की माहिती आली असं वाटतं, ते खोटं असतं. दुसरं, ‘कंचेभागुबेव’. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. मुलं धरून चालतात की बेरीज वजाबाकीच्या आधी. मग 10 – 4 + 3 चं उत्तर 3 येतं, कारण आधी 4 आणि 3 ची बेरीज केली. खरं उत्तर 9. बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवर आहेत, डावीकडून जी आधी येईल ती करायची. भागाकार-गुणाकाराचंही तेच. यमक बरोबर पाठ आणि गणित चूक, हे मी चांगल्या चांगल्या मुलांत बघितलंय. आणि तिसरं, यमक शिळं होतं. ग्रहांची जी वाक्यं आम्ही शिकवायचो त्यांच्या शेवटी प्लूटो होता. 2006 मध्ये त्याचं ग्रहपद गेलं, पण माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या तोंडून तो अजून जात नाही.

शेतकऱ्यांनी पावसाच्या नक्षत्रांचीही यमकं केलीत. ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ तुम्हाला माहीत असेल. मघांचंही एक आहे, ते इथं लिहिण्यासारखं नाही, आजोबांना विचारा. ते मुलांना एकदा ऐकून पाठ होतं. वात्रट यमक सगळ्यात घट्ट बसतं. मी शिक्षिका असल्यामुळं या सत्याचा फार वापर करू शकले नाही, तुम्ही घरात करू शकता.

करायचं कसं, तर आठवड्याला दोन शब्द, जास्त नाहीत. चूक कुठं आहे ते तिलाच शोधायला लावा आणि खुंटीही तिलाच सुचू द्या. तुम्ही सुचवलेली चांगली पण तिनं सुचवलेली वेडीवाकडी, तर तिची ठेवा. एकदा मोठ्यानं म्हणायची. दुसऱ्या दिवशी आणि मग आठवड्यानं तोच शब्द वाक्यात घालून श्रुतलेखनात द्या, यमकाची आठवण न देता. बरोबर आला तर त्या शब्दाचं नाव पुन्हा काढू नका. चुकला तर लिहून काढायला लावा, पण पाच वेळाच, आणि प्रत्येक वेळी अख्खा शब्द, विटा रचायच्या नाहीत. आजोबांचाही मान राहील.

यादीतला ‘नैऋत्य’ राहिला. दिशांचा क्रम लक्षात ठेवायला ‘आनैवाई’ आहे, आग्नेय, नैर्ऋत्य, वायव्य, ईशान्य, घड्याळाच्या काट्याप्रमाणं. पण त्या ‘ऋ’च्या डोक्यावरचा रफार मुलांच्या हातून सुटतो. त्या रफारासाठी चांगली खुंटी मला एकतीस वर्षांत सुचली नाही. दर जूनला पावसाचा धडा आला की मी तो शब्द फळ्याच्या कोपऱ्यात मोठा लिहून महिनाभर पुसायचे नाही, एवढंच करायचे. तुमच्या मुलीला विचारा. तिला काही सुचलं तर मला जरूर कळवा, माझी नात पुढच्या वर्षी पाचवीत जातेय.